दिसतंय ते सांगा

विशाखाताईंशी माझं पहिलं बोलणं फोनवर झालं, आणि ते भांडणच होतं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली आमची डेअरी तेव्हा नवी होती. मी प्रयोगशाळेत केमिस्ट. दुधाचे नमुने तपासायचे आणि निकाल संगणकात भरायचे, ही पद्धत नुकतीच सुरू झाली होती. एका सकाळी निकाल भरता येईनात. मी संगणक विभागाला फोन लावला आणि म्हटलं, "आमचं मशीन बंद पडलंय."

"बंद म्हणजे?" पलीकडून बाईचा खणखणीत आवाज आला.

"बंद म्हणजे बंद. बहुतेक व्हायरस आलाय."

"व्हायरस दिसला तुम्हाला?"

"अहो, तो दिसेल कसा?"

"मग कशाला सांगताय? दिसतंय ते सांगा. वाटतंय ते नको. पडद्यावर काय लिहून आलंय?"

मी वाचून दाखवलं. मग त्यांनी मला टेबलाखाली वाकायला लावलं. हात लावू नका, नुसतं बघा, म्हणाल्या. फरशी पुसणाऱ्या मावशींच्या फडक्याला अडकून एक निळी वायर भिंतीतल्या खाचेतून निसटून पडली होती. मी हळू आवाजात तसं सांगितलं.

"बघा, दिसलं की न्हाई?" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

मला राग आला, तो जास्त करून याचा, की परीक्षानळीत दिसेल तेवढंच लिहा, असं मी माझ्या हाताखालच्यांना रोज बजावत असे.

दुसऱ्या दिवशी कावळा नाक्यावर कंपनीच्या बसमध्ये त्यांना पाहिलं. विशाखा कांबळे. उंचीनं बेताच्या, केसांचा घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची साडी आणि पायांत पुरुषी बूट. डेअरीची फरशी कायम ओली, तिथं चपलांचं काम नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. लोक हसले. पुढच्या पावसाळ्यात घसरून हात मोडला तो हसणाऱ्यांतल्याच एकाचा.

त्या मूळच्या आजऱ्याच्या. वडील लवकर गेले. आईनं काजूच्या कारखान्यात बिया फोडून त्यांना इंजिनिअर केलं. काजूच्या तेलानं आईच्या बोटांची कातडी काळी पडली होती, ती पुढं कधी निवळली नाही. पुण्यातली नोकरी सोडून विशाखाताई कोल्हापुरात आल्या त्या आईला एकटीला राहायला नको म्हणून. राजेंद्रनगरात दोघींचं छोटं घर होतं.

बसमध्ये गोकुळ शिरगाव येईपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत. खिडकीकडं तोंड करून बसत. मला वाटे, गर्विष्ठ आहेत. ओळख वाढल्यावर कळलं की त्या वेळात त्या मनातल्या मनात सगळा कारखाना फिरून येत. गेटवरचा संगणक, टँकरच्या वजनकाट्यावरचा, प्रयोगशाळेतला, दुधाच्या टाक्यांवरचे तापमापक, आजरा, गडहिंग्लज, राधानगरीकडच्या शीतकरण केंद्रांच्या फोनलाइनी, आणि शेवटी त्यांच्या काचेच्या खोलीतली मुख्य यंत्रं. "काल कोण कण्हत होतं ते आठवून ठेवते," म्हणायच्या. खोलीत शिरल्यावर पर्स ठेवायच्या आधी त्या प्रत्येक यंत्राच्या पाठीवर तळहात ठेवून बघत. तापलेलं असेल तर दिव्यांआधी हाताला कळतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या खोलीला चोवीस तास एसी. त्यामुळं तिच्यावर सगळ्यांचा डोळा. उन्हाळ्यात अकाउंट्सची माणसं काही ना काही निमित्त काढून आत येऊन उभी राहत. एकदा कुणीतरी श्रीखंडाचा डबा गार राहावा म्हणून सर्व्हरच्या मागं सरकवून ठेवला. विशाखाताईंनी तो उचलून बाहेर उन्हात ठेवला आणि शेजारी पाटी लावली, 'ज्याचं हाय त्यानं न्यावं.' संध्याकाळपर्यंत कुणी पुढं आलं नाही. मुंग्यांची मात्र दिवाळी झाली.

दुसऱ्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला हार पडतो, हळदकुंकू लागतं. दूध उतरवण्याच्या डॉकवरचा तानाजी ताट घेऊन काचेच्या दाराशी आला. मागं पंधरावीस माणसं. विशाखाताई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आत हळदकुंकू नको."

तानाजी गोंधळला. "म्याडम, गेल्या साली केलतं की."

मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "राहू दे रे. त्यांच्यात नसतंय ते."

म्हणणारा कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. अकाउंट्सचे मोठे साहेब. तानाजीच्या हातातलं निरांजन नुसतं फडफडत राहिलं. मी शेजारीच उभी होते.

विशाखाताई मला म्हणाल्या, "मेधा मॅडम, तुमच्या लॅबमधला एक गाळणकागद आणा. पांढरा."

मी आणला. त्या आत गेल्या, स्पेअर म्हणून काढून ठेवलेला जुना पंखा घेऊन आल्या आणि तो कागदावर आपटला. लाल-पिवळी भुकटी सांडली. चांगली चिमटीभर.

"गेल्या वर्षी मी नवीन होते, म्हणून गप बसले. हे पंख्यातून आत जातंय आणि आत चिकटून बसतंय. त्यानंच हा पंखा जळला. कुंकू हाय का धूळ हाय, ते मशीनला कळत न्हाई. हार दाराला घाला. नारळ बाहेर फोडा. पेढा मात्र मला दोन द्या." मग मान वर करून त्या मागच्या साहेबांकडं बघत म्हणाल्या, "आणि आमच्यात काय असतंय ते बघायचं असंल, तर चौदा एप्रिलला घरी या की साहेब. जेवायला घालते."

तानाजीनं हार दाराला घातला. नारळ बाहेर फुटला. साहेब चौदा एप्रिलला गेले नाहीत. तानाजी मात्र बायकोला घेऊन गेला, आणि त्यानंतर दरवर्षी जात राहिला.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. तिकडं सगळ्यांसमोर खणखणीत बोललेल्या बाईचा हात पर्सचा पट्टा सारखा पिळत होता. मी पाहिलेलं त्यांच्या लक्षात आलं. हात त्यांनी पदराखाली घेतला.

"अहोजाहो पुरे आता," कागल नाका मागं पडल्यावर त्या म्हणाल्या. "मी तुला मेधाच म्हणते." मी त्यांना विशाखाताई म्हणू लागले ते तेव्हापासून.

पुढच्या काही वर्षांत डेअरी वाढली. टाक्या वाढल्या, टँकर वाढले, आणि हळूहळू सगळंच संगणकावर गेलं. विशाखाताईंनी प्लँट ऑफिसात एक मोठा पडदा बसवून घेतला. प्रत्येक टाकी, प्रत्येक यंत्र, प्रत्येक शीतकरण केंद्राची लाइन यांच्या नावापुढं एक दिवा. ठीक असेल तर हिरवा, बिघडू लागलं की पिवळा, बिघडलं की लाल. आत्तापर्यंत बिघाड कुणीतरी ओरडल्यावर कळायचा. आता तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहू लागला, आणि ते काहींना झेपेना.

आमचे प्लँट मॅनेजर देसाईसाहेब मनानं वाईट नव्हते, पण मालकांच्या गाडीचा हॉर्न ऐकला की त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा बाहेरच्या मोठ्या कंपनीचे लोक प्लँट बघायला येणार होते. त्यांचं काम मिळालं असतं तर आणखी एक पाळी सुरू झाली असती. नेमकं तेव्हा एका टाकीचं तापमान चढून तिच्यापुढचा दिवा सारखा पिवळा होत होता. देसाईसाहेब काचेच्या खोलीत आले.

"मॅडम, त्या पिवळ्याची मर्यादा थोडी वर घ्या. पाहुणे जाईपर्यंत."

"टाकी गार करू या की साहेब. मर्यादा कशाला वर घ्यायची?"

"तेवढा वेळ नाही."

"मग पिवळाच राहू दे."

"मी सांगतोय तुम्हाला!"

"लिहून द्या," विशाखाताई म्हणाल्या. "तुम्ही लिहून द्या, मी करते."

साहेबांनी लिहून दिलं नाही. विशाखाताई रेफ्रिजरेशनच्या मेकॅनिकला घेऊन टाकीवर चढल्या, आणि कॉम्प्रेसरचा एक भाग बदलावा लागणार हे कळलं. तो पुण्याहून यायचा होता. पाहुणे आले तेव्हा दिवा पिवळाच होता. त्यांच्यातल्या एकानं बोट दाखवून विचारलं, आणि कुणी काही बोलायच्या आत विशाखाताईंनी होतं ते सांगून टाकलं.

ते काम आम्हाला मिळालं नाही. का मिळालं नाही हे कुणालाच कळलं नाही, पण देसाईसाहेबांनी ते कायमचं पिवळ्या दिव्याच्या नावावर टाकलं. विशाखाताई पडद्यावर डोळे लावून बसत तेव्हा ते मुद्दाम मागून जात आणि म्हणत, "आज काय वाईट बातमी?"

हे सगळं पुढच्या मे महिन्यातल्या त्या दिवसाच्या आधीचं. म्हणून सांगितलं.

त्या दिवशी ऊन असं होतं की डॉकवरचा पत्रा तडतडत होता. लग्नसराईमुळं दुधाला ओढ, आणि टँकर एकामागं एक येत होते. दुपारच्या जेवणानंतर मी नमुने घ्यायला डॉकवर आले तर तानाजी संगणकापुढं डोक्याला हात लावून उभा. पडद्यावर एकाही टँकरचं नाव नाही. एकाही टाकीचं नाही. सकाळपासूनचं, कालचं, परवाचं, काहीच नाही.

याचा अर्थ काय, ते बाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. कुठल्या टाकीत किती वेळाचं दूध आहे, कुठली रिकामी आहे, कुठली धुतलेली आहे, हे तेव्हा फक्त संगणकाला माहीत असायचं. तोच सांगायचा, की हा टँकर त्या टाकीत सोडा. आता तो सांगेना, आणि अंदाजानं व्हॉल्व्ह उघडायची कुणाची हिंमत होईना. जुन्या दुधात नवं मिसळलं किंवा न धुतलेल्या टाकीत दूध पडलं, तर सगळंच नासलं असतं. टँकर जागच्या जागी थांबले. रांग गेटच्या बाहेर रस्त्यावर गेली.

बिद्रीकडून आलेला एक ड्रायव्हर केबिनमधून उतरला. "काय पावणं, दूध काय तुमच्या कॉम्प्युटरसाठी थांबतंय व्हय?" त्याचा टँकर जुना होता. बाहेरून हात लावला तरी चटका बसत होता.

देसाईसाहेब धावत आले. विशाखाताईंचा सहकारी संतोष चौगुले तेवढ्यात काचेच्या खोलीतून बाहेर पडत होता. दोन लेकरांचा बाप, स्वभावानं घाबरट. साहेबांनी त्याचा दंडच धरला.

"तू होतास ना मशीनवर? काय केलंस?"

"साहेब, मी जेवायला गेलतो..."

"खोटं बोलू नकोस! मी बघितलंय तुला. गेटपास काढ आणि घरी जा. आत्ता."

डॉकवरची सगळी माणसं बघत होती. तेवढ्यात विशाखाताई दारातून बाहेर आल्या. मी त्यांचा चेहरा असा कधीच पाहिला नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

"सोडा त्याला साहेब. त्यानं न्हाई केलं." त्या थांबल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी पुसलंय. सरावाच्या मशीनवरचं जुनं काढायचं होतं. मी चालू मशीनवर पुसायचा हुकूम दिला. माझ्या हातनं झालंय."

देसाईसाहेबांचा हात संतोषच्या दंडावरून आपोआप सुटला.

"आता शिव्या नंतर द्या," विशाखाताई म्हणाल्या. "मेधा, प्रत्येक टाकीचा नमुना काढ. आंबटपणा बघ, उकळून बघ. जी चांगली आहे तिच्यावर खडूनं निकाल लिही. तानाजी, लिहिल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा न्हाई. संतोष, तू चल माझ्यासंगं."

आम्ही कामाला लागलो. टाकीवर चढ, नमुना घे, उतर, उकळ, पुन्हा चढ. दूध उकळताना फुटलं नाही की माझाच श्वास सुटायचा. दोन टाक्या रिकाम्या निघाल्या, पण धुतल्या होत्या की नाही ते कुणी सांगेना, म्हणून त्या पुन्हा धुवायला घेतल्या. पाणी सुरू झालं, वाफा उठल्या, आणि बाहेर हॉर्न वाजू लागले.

मध्येच मी काचेच्या खोलीत डोकावले. विशाखाताई रोज संध्याकाळी सगळ्या माहितीची नक्कल टेपवर काढत. एक टेप ऑफिसच्या कपाटात, दुसरी पर्समधून घरी. घरी नेण्यावरून लोक त्यांची थट्टा करत, मॅडम ऑफिस माहेरी नेतात म्हणत. कपाटातली टेप यंत्रात घातलेली होती. ती निम्मी वाचून झाली की अडकत होती. दुसऱ्यांदाही अडकली. संतोष कपाळावरचा घाम पुसत होता. विशाखाताईंनी फोन उचलला.

"आई, कपाटातला डबा घे. टेपांचा. व्हय, सगळाच डबा. खाली रिक्षा कर आणि कागलला ये. न्हाई, मला काय झालं न्हाई. तू ये फक्त."

पुढचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मी डॉकवर होते. आधी रांगेतले पुढचे दोन टँकर आम्ही वाचवले. मग बिद्रीकडच्या त्या टँकरचा नमुना घेतला. परीक्षानळी ज्योतीवर धरली आणि माझ्या डोळ्यांसमोर दूध फुटलं. पुन्हा घेतला. पुन्हा फुटलं. ड्रायव्हर माझ्या खांद्यावरून बघत होता.

"येताना चांगलं होतं ओ म्याडम," तो म्हणाला. नुसतं तेवढंच. मघासारखा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

गेटवर गडबड ऐकू आली म्हणून बघितलं, तर रिक्षातून एक म्हातारी बाई उतरून वॉचमनशी भांडत होती. नऊवारी, छातीशी पत्र्याचा डबा गच्च धरलेला. पास नाही म्हणून वॉचमन सोडेना.

"पास-बीस मला ठावं न्हाई," ती म्हणत होती. "लेकीनं आन म्हटलंया, मी आनलंया. सोड मला, न्हाईतर तुझ्या सायबाला हितं बोलीव."

देसाईसाहेब स्वतः गेटवर गेले, आणि त्यांनीच त्या माउलीला हाताला धरून आत आणलं. मी त्यांच्याबद्दल पुष्कळ कडू लिहिलंय, म्हणून हेही लिहिते.

घरची टेप लागली. आई काचेच्या खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली. विशाखाताई उभ्याच. पडद्यावर एकेक ओळ सरकत होती. कपाटातली टेप जिथं अडकत होती तो टप्पा आला, तेव्हा संतोषनं डोळे मिटून घेतले. ओळ पुढं सरकली. मग पुढची. मग पुढची. आदल्या संध्याकाळपर्यंतचं सगळं परत आलं. सकाळपासूनचं आम्ही टाक्यांवरच्या खडूवरून आणि ड्रायव्हरांना विचारून भरून काढलं. प्लँट ऑफिसातल्या पडद्यावर एकेक दिवा लागत गेला, पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तो एक टँकर वाया गेला होता. त्यातलं दूध मागच्या नाल्यात सोडताना विशाखाताई तिथं जाऊन उभ्या राहिल्या. कुणी बोलावलं नव्हतं. शेवटपर्यंत थांबल्या.

बसमध्ये मी, त्या आणि त्यांची आई. विशाखाताई म्हणाल्या, "बटण दाबलं गेलं आणि त्याच वेळी कळलं बघ मेधा. मध्ये जरासुद्धा जागा न्हवती. दोन्ही मशीनचा पडदा काळा. अक्षरं सारखी. भीती वाटली गं."

आईनं त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

चौकशी झाली. मालक आबासाहेब स्वतः बसले. प्रयोगशाळेतर्फे मी होते. देसाईसाहेबांनी अहवालात विजेच्या चढउतारामुळं बिघाड असं लिहून आणलं होतं. त्यात त्यांचंही हित होतं, आणि मला वाटतं, थोडी दयाही होती.

"त्या दिवशी वीज गेलीच न्हवती साहेब," विशाखाताई म्हणाल्या.

आबासाहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाला वाचवायचं बघतायत ते. तुम्ही स्वतःहून का अंगावर घेताय?"

"वीज लिहिलं तर तुम्ही विजेचा बंदोबस्त कराल. त्याच दोन काळ्या पडद्यांपुढं उद्या संतोष बसंल, न्हाईतर मीच बसंन, आणि परत तेच हुईल. म्हणून मी केलं ते मी केलं असंच लिहा."

तसं लिहिलं गेलं. त्यांची बढती थांबली आणि त्यांच्या डोक्यावर पुण्याचा एक सल्लागार आणून बसवला. त्यांच्याहून वयानं लहान. सल्लागाराला त्या सर म्हणत, आणि त्या शब्दात कधी टोचणी नसे. ते मला जमलं नसतं.

त्यांनी स्वतः मात्र एक नियम काढला. चालू मशीनच्या पडद्याला लाल पट्टी लावली, आणि त्या मशीनवर काही पुसण्याआधी मोठ्यानं विचारायचं, "कुठल्या मशीनवर हाय मी?" शेजारच्यानं बघून उत्तर दिल्याशिवाय बोट हलवायचं नाही. त्या स्वतः विचारत आणि संतोष उत्तर देई. काचेबाहेर उभे राहून लोक नकला करत. कॅन्टीनमध्ये चहा ओतताना पोरं एकमेकांना विचारत, कुठल्या कपावर हाय मी? त्यांच्या कानावर सगळं जात होतं. एकदा संतोषनं त्यांना उगीचच थांबवलं. त्या बरोबर होत्या, तोच चुकला होता. तो ओशाळला. त्या म्हणाल्या, "चुकून थांबवलंस तरी चालंल. थांबवायला लाजू नको."

दोन हजारनंतरचं पहिलं दशक संपत आलं तेव्हा आबासाहेबांच्या मुलानं ठरवलं, की आपली यंत्रं आपण सांभाळायची नाहीत. सगळं बाहेरच्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये ठेवायचं, इंटरनेटवरून वापरायचं. 'क्लाउड' हा शब्द मी पहिल्यांदा त्या बैठकीत ऐकला. आलेल्या विक्रेत्यानं फळ्यावर ढग काढला. सगळ्यांना वाटलं, विशाखाताई आता भांडणार. त्यांची खोलीच जाणार होती.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "आपल्या एसीवर आणि कपाटावर भरवसा ठेवण्यापेक्षा बरं. फक्त एक सांगा. रविवारी सकाळी आमचं बंद पडलं तर तुमच्याकडं खुर्चीत कोण असतंय?"

विक्रेत्यानं एक नंबर सांगितला.

"नंबर नको. माणसाचं नाव."

तो हसला. "मॅडम, नाव असं नसतं. टीम असते."

"मग टीममधल्या एकाचं सांगा. त्याला डेअरी दाखवायला इथं आणा. टँकर उन्हात उभा राहतो म्हणजे काय, ते त्याला दिसू दे. मग मी सही करा म्हणते."

मालकांच्या मुलाला ते आवडलं नाही, हे त्याच्या पेन आपटण्यावरून कळत होतं. पण आबासाहेबांनी मान हलवली. पुण्याहून खरंच एक मुलगी आणि एक मुलगा आले. विशाखाताईंनी त्यांना भर दुपारी डॉकवर उभं केलं.

यंत्रं गेली. खोली मार्केटिंगला मिळाली. विशाखाताईंना खरेदी विभागात टेबल देऊ केलं. त्यांनी नको म्हटलं. त्याच डेटा सेंटरच्या कंपनीनं त्यांना पुण्याला बोलावून घेतलं होतं, पाळी सांभाळायला. पन्नाशी जवळ आलेली बाई, पुन्हा नवं गाव, नवं घर. आईनं म्हणे एकच विचारलं, तिथं पाणी कसं असतं?

निघायच्या दिवशी मी मध्यवर्ती स्टँडवर गेले. पुण्याची गाडी लागली होती. आई आधीच खिडकीशी जाऊन बसली होती. विशाखाताई पिशव्या वर चढवत होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. संतोष. आता डेअरीतलं सगळं त्याच्याकडं होतं. राधानगरीची लाइन गेली होती, काट्यावरचं काही उमटत नव्हतं, आणि त्याचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होता.

विशाखाताईंनी तोंड उघडलं. काय करायचं ते त्यांच्या जिभेवर होतं, मला ते स्पष्ट दिसत होतं. कंडक्टरनं बेल मारली. त्यांनी फोन कानापासून दूर धरला आणि माझ्या हातात कोंबला.

"तू बोल. मी आता तिथली न्हाई."

"अहो, पण मी काय सांगू त्याला?"

"काही सांगू नको. ऐक फक्त. त्याला जमतंय."

त्या चढल्या. गाडी हलली, आणि मी त्यांचा फोन कानाला लावून तशीच उभी. पलीकडं संतोष कुणाला तरी सूचना देत होता, थांब म्हणत होता, आता लाव म्हणत होता. मग एकदम त्याचा श्वास ऐकू आला. "आलं! मॅडम, आलं सगळं!"

मी खिडकीच्या बाजूनं धावले. या वयात, साडीत, भर स्टँडवर. "आलं म्हणतोय!" मी ओरडले. गाडी वळणावर हळू झाली, तेव्हा आईनं खिडकीतून हात बाहेर काढून फोन घेतला.

गाडी फाटकातून बाहेर पडताना मला दिसलं ते एवढंच. फोन आईच्या कानाला होता, उलटा धरलेला. आणि तिच्या पलीकडं विशाखाताई, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेल्या, आईकडं वाकून विचारत होत्या, काय म्हणतोय?